‘ता. क.’मधला मुलगा

प्रिय ताई,

मी ५१ वर्षांची आहे. नोकरी करते, घर सांभाळते, दोन्हींत कुणाला बोट दाखवायला जागा ठेवलेली नाही. गेली तीन वर्षं रात्री सगळं आवरलं की मी फोनवर कादंबऱ्या वाचते. प्रेमकथाच, पण दोन पुरुषांच्या. त्यांत ओंगळ काही नसतं. दोघं भेटतात, हळूहळू ओळखतात, घाबरतात, दुरावतात आणि शेवटी एकत्र राहू लागतात. काही कादंबऱ्या मी तीन-तीनदा वाचल्यात. मुलगा-मुलीच्या प्रेमकथा आताशा मला वाचवत नाहीत, आणि या वाचताना मात्र घशाशी काहीतरी दाटून येतं. हे काय आहे? माझ्या वयाच्या बाईला हे शोभतं का? ही एखादी विकृती तर नव्हे? वाचणं सोडून द्यावं का? मैत्रिणींना विचारायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

– नाव छापू नये

ता. क. : माझा १९ वर्षांचा भाचा शिकायला माझ्याकडे राहतो. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं काहीतरी बघायला माझा फोन घेतला आणि कादंबरीचं उघडं पान त्याला दिसलं. “आत्या, तू हे वाचतेस?” म्हणाला. मी गडबडले. “छे, काहीतरी घाणेरडं आपोआप उघडलंय,” म्हणून फोन काढून घेतला. तो “बरं” म्हणाला आणि खोलीत गेला. हल्ली जेवण झालं की बसत नाही. परीक्षा असेल. कादंबरी त्या दिवसापासून तशीच आहे, दुसरा मुलगा पत्र घेऊन दाराशी येऊन उभा राहतो तिथवर.

*

प्रिय मैत्रिणी,

ही विकृती नव्हे. वयाला न शोभण्यासारखंही यात काही नाही आणि वाचणं सोडायचं काही कारण मला दिसत नाही. या तीन प्रश्नांना एवढं उत्तर पुरे. ‘हे काय आहे?’ हा तुमचा प्रश्न मात्र फार चांगला आहे. त्यावर मी सावकाश लिहिणार आहे, कारण पुढे तुम्हाला त्याचा उपयोग होईल. ‘ता. क.’कडे शेवटी येते. पण तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं ते त्या शेवटच्या ओळींसाठी, हे आधीच सांगून ठेवते.

आपण बायका मुलगा-मुलीची प्रेमकथा वाचायला बसतो तेव्हा मोकळ्या हातांनी बसत नाही. पहिल्या पानावर नायिका आली की नकळत तिच्याशेजारी उभ्या राहून स्वतःला मोजायला लागतो. ती दिसायला कशी, वयानं केवढी, ‘हो’ लवकर म्हणाली की उशिरा, त्याच्यासाठी काय सोडायला निघाली. तिनं नोकरी सोडली तर आपल्याला राग येतो, नाही सोडली तर पुढे तिचं कसं होईल याची काळजी लागते. म्हणजे विश्रांतीसाठी म्हणून वाचायला घ्यावं आणि तिथंही आपलाच हिशेब उघडा पडावा. ‘वाचवत नाहीत’ हा तुम्ही वापरलेला शब्द मला अगदी नेमका वाटला. तो कंटाळ्याचा शब्द नाही, थकव्याचा आहे.

दोन पुरुषांच्या गोष्टीत ती मोजपट्टी गळून पडते. तुम्ही दोघांतल्या कुणाच्याही मनात जाऊन बसू शकता, एका प्रकरणात याच्या, दुसऱ्यात त्याच्या. शिवाय कुणी कुणासाठी काय करायचं हे तिथं आधी ठरलेलं नसतं. आधी कुणी बोलायचं, रडायचं कुणी, समजूत कुणी घालायची, आजारपणात उशाशी कुणी बसायचं, यातली एकही गोष्ट जन्मानं वाटून दिलेली नसते. त्यामुळे जे केलं जातं ते दिसतं. एक जण तापानं फणफणलाय आणि दुसरा रात्रभर कपाळावरची पट्टी बदलतोय, या प्रसंगावर लेखक चार पानं खर्च करतो. तेच एखाद्या घरातल्या बाईनं केलं असतं तर कथेत अर्ध्या ओळीत उरकलं असतं. बहुधा तेवढंही नाही.

माझा अंदाज सांगू? तुमच्या घशाशी दाटून येतं ते इथं. तुम्ही आयुष्यभर ज्या पट्ट्या बदलल्यात त्या कुणी पानावर मांडल्या नाहीत. ‘बोट दाखवायला जागा ठेवलेली नाही’ असं तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंत, त्यात अभिमान आहे आणि दमणूकही आहे. या कादंबऱ्यांत जीव लावणं हे कुणाचं कर्तव्य म्हणून येत नाही. कुणीतरी कुणाला तरी आपणहून, बघून-सवरून, मुद्दाम जीव लावतो. ज्याला तो लावला जातो त्याला आधी ते खरंच वाटत नाही. वाचणाऱ्या बाईला हे अनोळखी कसं वाटेल?

दुसरी गोष्ट पुरुषांच्या हळुवारपणाची. इथं मी माझंच सांगते. माझे यजमान शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांचे एक मित्र रोज भेटायला यायचे. चाळीस वर्षांची मैत्री. एकमेकांच्या अडचणीला मध्यरात्री धावून गेलेली ही माणसं. ते यायचे, कॉटचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहायचे, इकडचं-तिकडचं बोलायचे आणि जायचे. माझ्या यजमानांचा हात त्या कठड्यापासून वीतभर अंतरावर असायचा. ती वीत त्यांना एकदाही ओलांडता आली नाही. इच्छा होती, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. पण एका पुरुषानं दुसऱ्याचा हात धरायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पुढे बऱ्याच वर्षांनी मी तुमच्यासारखीच एक कादंबरी वाचत होते. त्यात दोन पुरुष शेजारी शेजारी बसलेत, दोघांचे हात बाकावर आहेत, आणि मधली ती एवढीशी जागा पार करायला त्यांना अख्खं प्रकरण लागतं. मला पुस्तक मिटून बसावं लागलं. ते दोघं मित्र प्रेमिक होते असं मी म्हणत नाही. माया हातापर्यंत येऊन तिथंच अडकते, हे मी पाहिलं होतं. ती सुटलेली मी पहिल्यांदा त्या पानावर पाहिली.

या कादंबऱ्यांतला पुरुष ‘मला भीती वाटते’ असं म्हणतो आणि त्यापायी त्याची किंमत कमी होत नाही. ‘मला तुझी गरज आहे’ असं म्हणतो आणि समोरचा हसत नाही. आपल्यापैकी कितीजणींनी प्रत्यक्षात एखाद्या पुरुषाला, वडलांना, भावाला, नवऱ्याला, असं बोलताना ऐकलंय? पुरुषाच्या मनात आतून कसं असतं हे आपल्याला बहुधा अंदाजानंच ओळखावं लागतं. इथं दोन-दोन मनं उघडी असतात.

मग येतो गोड शेवट. ‘शेवटी एकत्र राहू लागतात’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण या शेवटाला मोठी किंमत मोजावी लागली आहे. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानं १९१३-१४मध्ये ‘मॉरिस’ नावाची कादंबरी लिहिली. दोन पुरुषांचं प्रेम, आणि शेवटी ते दोघं एकत्र, जिवंत, सुखात. तेव्हा इंग्लंडात हा गुन्हा होता. फॉर्स्टरनं हस्तलिखित विश्वासातल्या काही मित्रांना दाखवलं, अधूनमधून त्यावर हात फिरवला आणि ठेवून दिलं. १९६७मध्ये तिथला कायदा सैल झाला, तरीही त्यानं ते छापलं नाही. तो १९७०मध्ये गेला आणि कादंबरी १९७१मध्ये आली. १९६०मध्ये त्यानं या पुस्तकाला एक टिपण जोडलं होतं. त्याचं म्हणणं असं, की सुखाचा शेवट अत्यावश्यकच होता, नाहीतर लिहिण्याची तसदीच घेतली नसती. आणि हेही, की शेवटी एखादा फासावर लटकला असता किंवा दोघांनी मिळून जीव दिला असता तर छापायला अडचण आली नसती. अडचण सुखाची होती.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कित्येक दशकं अशा जोडप्याची गोष्ट सांगायची तर निदान एकाला मारावं लागे, वेडं करावं लागे, नाहीतर पश्चात्तापानं लग्नाला उभं करावं लागे. आज तुम्ही वाचता त्या कादंबऱ्या त्या सगळ्या मरणांच्या नंतरच्या आहेत. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं रोमान्सची, म्हणजे प्रेमकादंबरीची, व्याख्या दोनच अटींत बसवली आहे. प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. टीकाकार या दुसऱ्या अटीला नाकं मुरडतात. पण ज्यांच्या वाट्याला पुस्तकांतसुद्धा सुख आलं नव्हतं त्यांच्यासाठी ही अट म्हणजे एक वचन आहे. कितीही वादळ येवो, शेवटच्या पानावर हे दोघं असतील. हे माहीत असतं म्हणून आपण मधलं दुःख न घाबरता वाचू शकतो. तुम्ही तीन-तीनदा वाचता त्याचंही कारण हेच असावं. काय होणार हे नव्यानं कळून घ्यायचं नसतं, ते पुन्हा एकदा होताना बघायचं असतं.

आणि तुम्ही एकट्या नाही. जपानमध्ये १९७०च्या दशकात मुलींसाठीच्या चित्रकथांची सूत्रं तरुण स्त्री-चित्रकारांच्या हाती आली. त्यांतल्या बऱ्याचजणी १९४९च्या आसपास जन्मलेल्या. त्यांनी मुलामुलांच्या प्रेमाच्या कथा काढायला घेतल्या. मुलीच्या पात्राला जी मोकळीक देता येत नव्हती ती मुलाच्या पात्राला देता येत होती. त्या सुरुवातीच्या कथांत मरण पुष्कळ होतं. हसरे शेवट मागाहून रुळले. १९७८मध्ये तर अशा कथांना वाहिलेलं मासिक निघालं. ते वाचणाऱ्या प्रामुख्यानं मुली आणि बायका. पुढे या वाचकांना तिथं जे नाव पडलं तेही तुम्हाला सांगायला हवं. ‘फुजोशी’. ‘स्त्रिया’ या अर्थाच्या जुन्या शब्दाचा उच्चार तोच ठेवून त्यातलं एक अक्षर बदललं, की अर्थ होतो ‘सडलेली मुलगी’. हे वाचण्याची आवड ज्यांना आहे त्यांनीच ते नाव स्वतःला लावून घेतलं, दुसऱ्यानं म्हणायच्या आधी आपणच म्हणून टाकावं तसं. तुम्ही ‘विकृती’ लिहिलंत तेव्हा मला ते आठवलं. आपल्याला ज्याचा आनंद होतो त्याला आधी आपणच वाईट नाव देऊन ठेवायचं, ही सवय बायकांना सगळीकडे लागलेली आहे. त्यांच्यातल्या अनेकींनी पुढे ते नाव हसत मिरवलं. मला मात्र ते नाव कधीच आवडलं नाही.

या कादंबऱ्या सगळ्याच चांगल्या असतात असं मी म्हणणार नाही. काहींत दोघांपैकी एक म्हणजे नुसती पुरुषाचे कपडे घातलेली जुनी रडवी नायिका असते. काहींत आलेली प्रत्येक बाई कपटी किंवा मूर्ख असते, ते वाचून मला संताप येतो. काहींत जबरदस्तीला प्रेम म्हणून रंगवलेलं असतं. अशी कादंबरी अर्ध्यात टाकावी, शेवट गोड असला तरी. आणि घरी सांगणं, घरातून तुटणं, हे ज्यांनी खरोखर सोसलंय त्यांच्या दुःखाचा नुसता मसाला करणारे लेखकही आहेत. पण तुम्ही ज्यांचं वर्णन केलंत त्या तशा वाटत नाहीत. ‘हळूहळू ओळखतात’ असं तुम्ही लिहिलंत. वाचकानं कशासाठी वाचलं ते अशा एका शब्दावरून कळतं.

आता ‘ता. क.’

मला वाटतं तुम्ही हे पत्र त्या पाच-सहा ओळींसाठीच लिहिलंत. वर मोठ्या अक्षरांत स्वतःबद्दल विचारलंत आणि खाली, सही झाल्यावर, त्याच्याबद्दल. तुमच्या भाच्याचा प्रश्न मी मोठ्यानं म्हणून पाहिला. ‘हे’वर जोर दिला तर त्यात नवल ऐकू येतं, कदाचित थोडी थट्टा. ‘तू’वर जोर दिला तर वेगळंच ऐकू येतं. आत्या, तू? आपल्या घरातलं कुणीतरी? त्यानं कोणत्या शब्दावर जोर दिला होता हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुम्हाला ते आठवत असणार. नाहीतर पंधरा दिवस तो प्रश्न मनात राहिला नसता.

तो कदाचित समलिंगी असेल. कदाचित त्याचा कुणी जिवलग मित्र असेल. कदाचित तोही रात्री हेच वाचत असेल. कदाचित खरंच परीक्षा असेल आणि तो हे सगळं विसरलाही असेल. यातलं काय खरं ते तुम्हाला माहीत नाही, मला तर नाहीच, आणि ते शोधून काढणं हे तुमचं काम नाही. एवढंच पक्कं आहे की त्याच्या कानावर तुमच्या तोंडून एक शब्द पडला आहे : ‘घाणेरडं’. तुम्ही तो स्वतःला वाचवायला उच्चारलात. पण तो जाऊन पडला त्या पानावरच्या दोन मुलांवर. आणि ऐकणारा जर त्यांच्यासारखा असेल, तर त्याच्यावरही.

मी तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी सगळ्यात जवळ असलेला शब्द येतो, आणि हा शब्द आपल्या सगळ्यांच्याच फार जवळ ठेवलेला आहे. पण तो परत घ्यायला हवा, आणि तो घेऊ शकणारं माणूस एकच आहे.

कसा घ्यायचा? समोरासमोर बसवून नको. ‘मला तुझ्याशी बोलायचंय’ अशी सुरुवात तर अजिबात नको. दोघांचे हात कामात असतील, नजर दुसरीकडे असेल अशी वेळ बघा. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना, चालताना. फोनवर संदेश पाठवून मोकळ्या होऊ नका; त्यानं तो शब्द तुमच्या आवाजात ऐकलाय. म्हणायचं ते साधं आहे : “त्या दिवशी मी खोटं बोलले. ते आपोआप उघडलं नव्हतं, मीच वाचत होते. मला अशा कादंबऱ्या फार आवडतात. त्या घाणेरड्या नाहीत. मी घाबरून तसं म्हणाले, म्हणायला नको होतं.” आणि थांबा. घडी पुरी करा.

‘तुझं काही तसं आहे का?’ हे विचारू नका. ‘तू कसाही असलास तरी आम्ही तुझेच आहोत’ हेही नको. ऐकायला हे वाक्य प्रेमाचं आहे, पण ज्यानं काहीच सांगितलेलं नाही त्याला ते उत्तर द्यायला उभं करतं. २०२२मधली एक खरी गोष्ट सांगते. ‘हार्टस्टॉपर’ ही दोन शाळकरी मुलांच्या अतिशय गोड प्रेमाची चित्रकथा आणि तिच्यावरची मालिका जगभर आवडली. तिच्यातला एक मुलगा आपल्या मनाचा माग काढायला वेळ घेतो, आणि दुसरा त्याला तो घेऊ देतो. त्या पहिल्या मुलाची भूमिका करणारा किट कॉनर तेव्हा अठरा वर्षांचा होता. मालिकेवर जीव टाकणाऱ्यांतल्याच काहीजणांनी त्याला समाजमाध्यमांवर छळायला सुरुवात केली : तू स्वतः कोण आहेस ते सांग. शेवटी त्यानं जाहीर केलं की मी बायसेक्शुअल आहे, म्हणजे मुलगा-मुलगी दोघांकडेही ओढला जाणारा, आणि अठरा वर्षांच्या मुलाला हे सांगायला भाग पाडणाऱ्या तुमच्यातल्या काहींना मालिका कळलेलीच नाही, असंही त्यानं लिहिलं. मला त्या वाचक-प्रेक्षकांचं फार वाईट वाटतं. पडद्यावरच्या मुलाला वेळ दिला जातो म्हणून त्यांना रडू आलं होतं आणि खऱ्या मुलाला ते वेळ देऊ शकले नाहीत.

तुम्ही तीन वर्षं हेच वाचताय. दुसऱ्याच्या तोंडून निघायच्या वाक्यासाठी शे-दीडशे पानं थांबणं. तुम्हाला थांबता येतं.

तुमचं बोलणं ऐकून तो हसला तर हसू द्या. पुन्हा नुसतं “बरं” म्हणाला तरी चालेल. या वेळचं ‘बरं’ वेगळं असेल. ‘असं खऱ्या आयुष्यात कुठं असतं’ असं म्हणाला तर वाद घालू नका. ज्यांच्यावर या गोष्टी लिहिल्या जातात त्यांतल्या पुष्कळांना त्या फार गुळगुळीत वाटतात, आणि त्यांना तसं वाटण्याचा पूर्ण हक्क आहे. तेव्हा त्यालाच विचारा, मग कसं असतं? आणि आज, महिन्यानं किंवा चार वर्षांनी त्यानं स्वतःबद्दल काही सांगितलंच, तर ‘मला माहीत होतं’ म्हणू नका, ‘मी वाचलंय’ असं तर मुळीच नको. ते त्याचं पहिलं पान असेल. आणि ते तुमच्या भावापर्यंत तुमच्याकडून जाता कामा नये. कधी, कुणाला, कसं सांगायचं हे तोच ठरवील, मग भाऊ कितीही जवळचा असो.

फोन लपवणं मात्र बंद करा. वाचत असाल तर वाचताना दिसा, बाहेरच्या खोलीत, दिवा लावून. त्याला काही विचारायचं असलं तर विचारायला तुम्ही तिथं असाल.

आणि ती अर्धी राहिलेली कादंबरी आजच उघडा. पत्र घेऊन आलेला तो मुलगा पंधरा दिवस दाराशी उभा आहे.

तुमची,
ताई